पटातली गाळलेली रेघ

आमच्या शाळेत इतिहास शिकवायला ती नवीन आली, त्याला तेव्हा दोन महिने झाले होते. स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत तिनं मोबाईल माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही चित्रकलेच्या. हे बघा बरं, हे काय असेल?"

फोटोत काळा दगड होता. दगडावर एकात एक असे तीन चौकोन कोरलेले आणि चारही बाजूंच्या मधोमध त्या चौकोनांना जोडणाऱ्या चार रेघा.

मी लगेच ओळखला. तो दगड मी डोळे मिटून काढून दाखवला असता. केळझरहून आत बाबांचं गाव आहे. त्या गावाबाहेर पायऱ्यांची जुनी विहीर आहे, आम्ही तिला बावडी म्हणतो. दहा-बारा पायऱ्या उतरल्या की रुंद टप्पा लागतो, त्या टप्प्यावरचा हा दगड. माझं अर्धं लहानपण त्याच्यावर गेलेलं.

"कुठं सापडला तुम्हाला?" मी विचारलं.

"आमच्या गावाच्या शेजारीच. लहानपणापासून ऐकून होते, जवळून पहिल्यांदाच पाहिला. पाच-सहाशे वर्षांचा तरी असेल. वाटसरू, व्यापाऱ्यांचे तांडे, पाथरवट, जे कोणी पाण्यापाशी थांबत, ते असे पट कोरून खेळत बसायचे. लेण्यांमध्ये, किल्ल्यांवरही असतात. नवकंकरी म्हणतात याला."

तिच्या आवाजात इतका आनंद होता की मला तो सहन होईना. मी म्हटलं, "आमचा आहे तो. माझ्या बाबांच्या गावचा."

आमचा म्हणजे काय, हे मला त्या वेळी कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

बाबा हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये प्रेसवर होते, गाठी बांधायचे. आठवडाभर ते घरात दिसायचेच नाहीत. दिसले तरी अंगावर कापसाचे तंतू आणि डोळ्यांत झोप. उन्हाळ्यात मात्र आम्ही गावी जायचो आणि ते आठ-पंधरा दिवस बाबा माझे असायचे. भाऊ पोरांबरोबर गावभर हिंडायचा, आई बायकांत रमायची. मी आणि बाबा बावडीच्या टप्प्यावर. तिथं भर उन्हातसुद्धा गार असायचं. त्यांच्याकडे नऊ पांढरे खडे, माझ्याकडे नऊ चिंचोके. आळीपाळीनं एकेक मांडायचा. आपले तीन एका रेघेत आले की समोरच्याचा एक उचलायचा. सगळे मांडून झाले की मग रेघेरेघेनं सरकायचं. समोरच्याचे दोनच उरले की डाव संपला.

बाबांनी मला एकदाही जिंकू दिलं नाही. मी रडायचे. ते म्हणायचे, "तीन लागले का तू नाचतं. अन् नाचता नाचता माहे दोन कुठी बसले ते पाह्यतच नाई." किंवा, "समोरच्याचं उचलाची घाई करू नको. पह्यले आपली वाट मोकळी ठेव. कोंडून घेतलं का मंग नऊ असले तरी काही कामाचे नाई." बाबांनी मला आयुष्यात बसवून कधी काही शिकवलं असेल तर तेवढंच. बाकी सगळं मी त्यांच्याकडे बघून शिकले.

मग मी मोठी झाले. कॉलेज, नोकरी. लग्न जमलं नाही, आणि पुढे मीही त्याचा नाद सोडला. भाऊ पुण्याला गेला, आई वारली. बाबा आणि मी दोघंच उरलो. काचबिंदूनं त्यांची नजर हळूहळू गेली. आता त्यांना उजेड आणि सावली तेवढी कळते. दिवाळीच्या सुट्टीत दोन-तीनदा त्यांनी विचारलं होतं, "बसतं का एक डाव?" मी पेपर तपासत होते. म्हटलं, "बाबा, तुमाले दिसते का आता?" तेव्हापासून त्यांनी विचारलं नाही.

हे सगळं मी तिला सांगितलं नाही. तिनंच विचारलं, "काकाजींना भेटता येईल का?" नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही.

पहिल्या रविवारी ती आली तेव्हा बाबा ओसरीत खुर्चीवर बसले होते. तिनं वाकून नमस्कार केला, बावडीचं नाव काढलं आणि बाबा एकदम ताठ झाले. दोन तास बोलत होते. मी चहा केला, पोहे केले, बाहेर नेऊन दिले, आणि प्रत्येक फेरीला काहीतरी नवीन कानावर पडत होतं. बाबा सात वर्षांचे असताना त्यांच्या आईकडून हा खेळ शिकले. त्यांची आई पाणी भरायला जायची आणि कळशी टेकवून एक डाव खेळल्याशिवाय परतायची नाही. सासू ओरडायची. एकदा तर कळशी तशीच राहिली आणि दोघं मायलेक संध्याकाळी हात हलवत घरी गेले.

हे मला माहीत नव्हतं. पंचेचाळीस वर्षं या माणसाची मुलगी होते मी, आणि हे मला पोह्यांची बशी हातात धरून दाराआडून कळत होतं.

"मला शिकवाल का काकाजी?" तिनं विचारलं.

"मले दिसत नाई ना पोरी."

"तुम्ही सांगा, मी खडूनं फरशीवर काढते. तुमचे खडेही मीच सरकवते. तुम्ही नुसतं बोला."

एवढं साधं होतं ते. बाबा सांगत गेले, ती फरशीवर रेघा ओढत गेली. "आता उजव्या अंगाले, मधात, भायेरच्या चौकटीपासून आतल्या चौकटीलोक एक रेघ घे. हो. तशीच डाव्या अंगाले." पट पूर्ण झाला. कुठला खडा कुठं आहे हे बाबांना सगळं पाठ राहत होतं. दिसत नसलेला माणूस अठरा खडे डोक्यात धरून खेळत होता. आणि चित्रकलेची शिक्षिका असलेल्या त्यांच्या मुलीला जमिनीवर खडूच्या चार रेघा ओढाव्यात, हे इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

ती दर रविवारी यायला लागली. बाबा शनिवारीच मला दाढी करून द्यायला सांगायचे. तिसऱ्या की चौथ्या रविवारी मी पोळ्या लाटत होते आणि बाहेरून टाळ्या ऐकू आल्या. बाबा टाळ्या वाजवत होते. "हारवलं! माय, तू तं मले हारवलं!"

मी तव्यावरची पोळी तशीच ठेवून बाहेर आले. बाबांचं तोंड उघडं, हसताना पडलेले दात दिसत होते. मला जिंकू न देणारा माणूस हरल्याचा इतका आनंद मानत होता. आणि तो शब्द, माय. मला ते लहानपणी, मी आजारी असले की म्हणायचे. एरवी नाही. गेल्या तीस वर्षांत तर एकदाही नाही.

"पोळी जळून राह्यली वाटते," बाबा म्हणाले.

मी आत गेले. जळलेली पोळी मी त्या दिवशी तिच्या ताटात वाढली. तिनं ती मुकाट्यानं खाल्ली.

पुढे तिनं मुख्याध्यापकांच्या डोक्यात घातलं की शाळेच्या मैदानाकडचा सिमेंटचा लांब ओटा मोकळा पडला आहे, त्यावर जुने पट रंगवावेत. मुलं मधल्या सुट्टीत खेळतील. एक सारीपाट, एक मोक्षपट आणि एक बावडीवरचा पट. मुख्याध्यापकांना ते फार आवडलं. सगळ्या बैठकीत तिचंच कौतुक. मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "रंगकाम मॅडम करतील."

रंगकाम! एकवीस वर्षं या शाळेत मी गणपतीपासून निवडणुकीच्या पाट्यांपर्यंत सगळं रंगवलं, आणि तिच्या कल्पनेवर ब्रश फिरवायला आता माझी नेमणूक झाली.

बावडीवरच्या पटाचा ठसा घ्यायला आम्ही दोघी गेलो. हिंगणघाटहून वर्धा, तिथून नागपूरच्या गाडीनं केळझर, पुढे ऑटो. टप्प्यावर वाळका पाचोळा साचला होता. मी तो पायानं लोटला आणि दगडावर कागद पसरायला लागले. ती मात्र चप्पल काढून दगडापाशी बसली आणि पटावर तळहात ठेवून तशीच राहिली.

"माझे आजोबा इथं कामाला यायचे," ती म्हणाली. "तुमच्या गावच्या शेतांवर. त्यांना ही पायरी उतरायची परवानगी नव्हती. वरून कोणीतरी पाणी ओतायचं. पण वरच्या बांधावरून खेळ दिसायचा. बघून बघून शिकले. मग घरी अंगणात कोळशानं पट काढून आम्हाला शिकवायचे. मी अगदी लहान होते, विसरून गेले होते सगळं."

मी कागदाचं टोक धरलं, म्हटलं, "इकडून दाबा जरा." कोळशाचा तुकडा कागदावर घासत गेले, खालून रेघा उमटत गेल्या. तिच्या बोलण्याचं मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही असेल थोडं. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त हे वाटलं की आता या दगडाची माझ्यापेक्षा मोठी गोष्टही हिच्याचकडे आहे.

दोन दिवस सलग सुट्टी होती. मी एकटीच ओट्यावर रंग घेऊन बसले. आधी सारीपाट केला. मग मोक्षपट, त्यातली शिड्यांची घरं, दया, विवेक, सत्य. सापांची घरं, क्रोध, लोभ, मत्सर. मत्सराचं घर रंगवताना माझ्या मनात काही आलं नाही. अक्षरं एका मापात बसली की नाही तेवढं बघितलं.

शेवटी नवकंकरी. ठसा समोर पसरला होता, चारही रेघा स्वच्छ. मी तीन चौकोन काढले. वरची रेघ काढली, खालची काढली, डावीकडची काढली. उजवीकडच्या रेघेसाठी पट्टी ठेवली आणि उचलली.

हात चुकला असं मी स्वतःलाही सांगू शकत नाही. मी नीट विचार केला होता. उद्या ओट्याचं उद्घाटन, पाहुणे येतील, ती माइक घेऊन बोलेल, मुलं खेळायला बसतील आणि खडा अडकेल. सगळे तिच्याकडे बघतील. त्या गोंधळात तिला काही सुचणार नाही. मग मी पुढे होईन आणि म्हणेन, अहो, इथं रेघ असते, लहानपणापासून खेळतेय मी. खडू घेऊन सगळ्यांसमोर ती काढेन. इतकंच मला हवं होतं. मी ठशाची गुंडाळी केली आणि घरी कपाटावर टाकली.

बाबांना ती घेऊन येणार आहे, हे मला माहीत नव्हतं. तिनं मला न सांगता ऑटो ठरवला होता; मला आनंदाचा धक्का द्यायचा होता तिला. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकातून बाबा आले, पांढरं धोतर, धुतलेली टोपी, तिच्या खांद्यावर हात. मुख्याध्यापकांनी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. गर्दीत आणि गडबडीत ओट्याकडे नीट बघायला तिला सवडच मिळाली नाही.

तिनं माइकवर सांगितलं की हा खेळ आपल्या शाळेला या आजोबांनी दिला, आणि पहिला डाव तेच खेळतील. सातवीतली एक मुलगी समोर बसली. बाबा ओट्याच्या कडेला. दोन्हीकडचे खडे मुलगीच ठेवत होती आणि प्रत्येक चाल मोठ्यानं सांगत होती. दहा-बारा मिनिटं सगळं छान चाललं. मग बाबा म्हणाले, "उजव्या अंगाचा भायेरचा माहा खडा आत घे, मधल्या चौकटीत."

मुलगी थांबली. "आजोबा, तिथून आत नाही जाता येत. तिथं रेघच नाही."

"असते, बेटा. पाह्य नीट."

"नाही आहे, आजोबा."

मुलं पुढे वाकून बघायला लागली. माइक ठेवून तीही आली. तिनं पट बघितला आणि माझ्याकडे बघितलं. "मॅडम, इथं रेघ हवी ना? ठसा तुमच्याकडे होता."

मी ज्याची वाट पाहत होते तो क्षण हाच. खडू माझ्या पर्समध्ये होता. पण आता सगळे तिच्याकडे बघत नव्हते, बाबांकडे बघत होते. मी पुढे होऊन रेघ काढली असती तर ती मी काढली का नव्हती, हे सांगावं लागलं असतं. माझ्या तोंडून आलं, "ठशात नव्हती. ठशात जसं होतं तसंच काढलंय मी. घरी फरशीवर काढलेला पट बाबांनी आठवणीनं सांगितलेला."

बाबांनी ओट्यावर हात फिरवला. रंगाला काही खोलगटपणा नसतो. त्यांची बोटं गुळगुळीत सिमेंटवर पुढे गेली, मागे आली.

"असन मंग," ते म्हणाले. "माह्याच ध्यानात नाई राह्यलं."

पाहुणे म्हणून आलेले साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "वय झालं की होतं असं, काका." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डाव अर्धाच राहिला.

पुढच्या रविवारी ती आली. बाबा खुर्चीवरच होते, पण दाढी केलेली नव्हती. तिनं खडू काढला. बाबा म्हणाले, "नाई पोरी. आता नाई जमत."

मी स्वयंपाकघरात होते. मला क्षणभर बरं वाटलं, हे मी लिहून ठेवते. मनात आलं, चला, संपलं.

ती म्हणाली, "काकाजी, रेघ आहे. माझ्या मोबाईलमध्ये फोटो आहे. मी घरी जाऊन पाहिला."

"तू माह्यं मन राखून राह्यली."

"नाही हो. खरंच आहे."

"ठसा तिच्यापाशी होता," बाबा म्हणाले. "तिनं आपल्या डोयानं पाह्यला. माही पोरगी मले खोटं काऊन सांगन?"

तिनं खडू पर्समध्ये परत ठेवला. थोड्या वेळानं फाटकाची कडी वाजली.

त्यानंतरचे दिवस वाईट होते. बाबांना कशाचाच भरवसा वाटेना. सकाळची गोळी घेतली का, हे चारदा विचारायचे. नळापर्यंत किती पावलं, हे त्यांना पाठ होतं. आता भिंतीला हात लावत जायला लागले. एका दुपारी मला जवळ बोलावून म्हणाले, "तुई माय कोण्या महिन्यात गेली? थांब, सांगू नको. श्रावण. श्रावणच ना?" मी हो म्हटलं. तर म्हणाले, "खरंच हो, का माह्यं मन राखाले म्हनतं?" त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं.

मी कपाटावरून ठसा काढला. पण कागद त्यांच्या काय उपयोगाचा? दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि त्यांना म्हटलं, "चाला बाबा, गावाले जाऊ." काऊन, कायले, असं विचारत ते आले. बसमध्ये त्यांनी माझा हात सोडला नाही. पायऱ्या उतरवताना मी एकेक मोजत होते. टप्प्यावर त्यांना बसवलं, त्यांचं बोट धरलं आणि उजवीकडच्या बाहेरच्या चौकटीवर ठेवलं.

बोट आपणच आत सरकलं. खाचेतून मधल्या चौकटीत, तिथून आतल्या. परत बाहेर. पुन्हा आत.

"हे तं हाय," बाबा म्हणाले.

"हाय, बाबा."

"मंग शाळेत?"

"मी काढलीच नाई. ठशातबी होती. मुद्दाम नाई काढली."

पाण्यात कुठंतरी बेडकानं उडी मारल्याचा आवाज झाला. बाबांनी बोट उचललं नाही.

"काऊन?"

सांगायला गेले तर तोंडून आलं ते लहान पोरीसारखंच. "तुमी तिले माय म्हनता. तिच्यासंग हसता. माह्यासंग कवाच असे नाई हसले. मले एकडाव जिंकू नाई देल्लं."

ते रागावले. इतकं रागावलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि आवाज मात्र अगदी खाली. "पंधरा दिवस मी भेत होतो. मले वाटलं, डोये गेले, आता भेजाबी चालला. कोनाले सांगू, हे समजत नोहतं. तुले सांगू म्हटलं तं तू घाबरशीन, म्हनून तुलेबी नाई सांगतलं." मग त्यांनी दगडावरून हात काढला. वर चढताना त्यांनी माझा हात धरला नाही, कठड्याला धरून चढले. ऑटोत बसल्यावर म्हणाले, "तिले तू सांग. मी नाई सांगनार."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिला ओट्यापाशी बोलावलं आणि सगळं सांगितलं. कसं रंगवलं, का गाळलं, ती पोळीसुद्धा सांगितली. ती ओट्याच्या कडेला बसून ऐकत होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "फोटो पाहिला त्याच संध्याकाळी. पण कारण मला दुसरं वाटलं."

"दुसरं कोणतं?"

"मला वाटलं, त्या दिवशी मी बावडीत बसले, दगडाला हात लावला, आजोबांचं सांगितलं. ते तुम्हाला आवडलं नाही. आमच्या लोकांचं तिथं काय काम, असं. तुम्ही काही बोललाही नव्हतात ना तेव्हा. नुसतं म्हणालात, इकडून दाबा."

मी घाईघाईनं म्हटलं, "नाही हो, तसं अजिबात नाही. मला फक्त तुमचा हेवा वाटला."

"पण मला कसं कळणार, मॅडम? माझ्या बाजूनं दोन्ही सारखंच दिसतं."

मला रडू आलं. तिला आलं नाही. ती उठली, म्हणाली, "बस चुकेल माझी," आणि गेली. मी त्यावर बरेच दिवस विचार केला. तो दगड आमचा आहे, असं मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं. त्या ‘आमचा’मध्ये नुसता हेवाच होता, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

परिपाठाच्या वेळी मी मुलांसमोर उभी राहिले आणि सांगितलं की पटात एक रेघ मी मुद्दाम गाळली होती, आजोबा बरोबर होते. मुख्याध्यापकांचा चेहरा पडला. सातवीतल्या त्या मुलीनं विचारलं, "मुद्दाम कशाला, मॅडम?" मी म्हटलं, "मला राग होता." तिला ते पटलं असावं, कारण तिनं पुढे काही विचारलं नाही. मी रंगाचा डबा उघडला आणि रेघ काढली.

तीन रविवार ती आमच्याकडे आली नाही. फाटक वाजलं की बाबा मान वळवत. चौथ्या रविवारच्या आधी तिचा फोन आला, मला नाही, बाबांना. तिच्या आजोबांना बाबांबरोबर एक डाव खेळायचा होता. ते पंच्याऐंशीच्या पुढचे, प्रवास झेपत नाही. तुम्ही येता का?

"येतो ना," बाबा म्हणाले. "हे घेऊन येईन मले." हे म्हणजे मी.

तिच्या घराच्या अंगणात आजोबा खाटेवर बसले होते. लहानखुरे, पांढरं बंडी-धोतर, डोळे मात्र लख्ख. कोळशानं पट आधीच काढून ठेवला होता. बाबांना त्यांच्यासमोर बसवलं. आजोबा म्हणाले, "तुमी खाली बसून खेयत, आमी बांधावून पाह्यत होतो. तुमची माय मोठी हुशार होती खेयात."

बाबांनी तोंड त्यांच्या आवाजाकडे वळवलं. "तुमी पाह्यलं हाय माह्या मायले?"

"रोज पाह्यलं. कळशी भरली का मले आधी ओतून देत जाय, मंग आपल्या घरी. बाकीच्या बाया वाट पाह्याले लावत."

बाबा म्हणाले, "आमी तुमाले खाली कवा बलावलं नाई."

"नाई बलावलं," आजोबा म्हणाले. तक्रार केल्यासारखं नाही आणि माफ केल्यासारखंही नाही. "मांडा, पह्यला खडा तुमचा."

ती बाबांचे खडे ठेवत होती. डाव लांबला. दोघंही घाई करत नव्हते. आजोबांच्या चाली मला आधी बावळट वाटल्या, मग लक्षात आलं की बाबांच्या वाटा एकेक करून बंद होताहेत. शेवटी बाबांकडे चार खडे होते आणि सरकायला एकही जागा नव्हती.

"कोंडलं तुमी मले," बाबा म्हणाले.

"वरून सारं दिसे ना आमाले," आजोबा म्हणाले, आणि दोघंही हसायला लागले. आजोबांना हसता हसता खोकला आला. तिनं पाण्याचा पेला त्यांच्या तोंडाशी धरला आणि त्यांनी दुसरा हात तिच्या डोक्यावर ठेवला, अगदी सहज. तो तिथं नेहमीच असतो तसा. मी ते बघितलं, आणि मला पुन्हा तेच झालं, बाबा तिला माय म्हणाले तेव्हाचं. सगळं सांगून, सगळं कबूल करूनही ते गेलेलं नव्हतं. या वेळी निदान त्याला नाव काय ते मला माहीत होतं.

"आता तुमी बसा," ती मला म्हणाली. मॅडम म्हणाली नाही, ताईही म्हणाली नाही. अजून आमचं तिथवर आलेलं नाही. पण तिनं स्वतः उठून जागा दिली.

मी आजोबांसमोर बसले. बाबा बाजूला, कान लावून. मी पहिला खडा मांडला आणि तो कुठं मांडला ते बाबांना मोठ्यानं सांगितलं.